दुसऱ्या राज्यात शिकारीला जायचंय, माणशी बजेट हजार-बाराशे डॉलर. एल्क (इकडचं सांबरासारखं मोठं हरीण) जमेल का?

कोलंबसचा_सातारकर

नमस्कार मंडळी. ओहायोत कोलंबसजवळ राहतो, ग्रीनकार्ड आहे, एका गोदामात शिफ्ट सांभाळतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स इथेच केला. कामावरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या मित्राने नाद लावला, आणि आता थँक्सगिव्हिंगनंतरच्या गन वीकमध्ये व्हाइटटेल हरणाच्या मागे जाणं हा घरचा सणच झालाय. बायको सुरुवातीला नाक मुरडायची. आता डिसेंबर उजाडला की खिमा कधी येणार म्हणून तीच विचारते.

आता एकदा पश्चिमेला जायची इच्छा आहे. मी, तो म्हातारा आणि त्याचा पुतण्या, असे तिघे. ऑक्टोबरात एक आठवडा सुट्टी मिळेल. माणशी हजार ते बाराशे डॉलर, त्यात सगळं आलं पाहिजे. क्रेडिट कार्डावर एक पैसा टाकायचा नाही, हे घरी कबूल केलंय. एल्कसाठी आउटफिटरच्या, म्हणजे पैसे घेऊन गाइडसकट शिकारीला नेणाऱ्यांच्या, वेबसाइटा चाळल्या. सहा हजारांच्या खाली कोणी बोलायला तयार नाही, टिप वेगळी.

तर प्रश्न असे. गाइड न घेता कोलोरॅडोत एल्क या पैशांत होईल का? सरकारी जमिनीवर नुसतं चालत शिरता येतं म्हणतात, ते खरं का, आणि विचारायचं कोणाला? आणि सगळ्यात मोठी काळजी, तेराशे मैलांवरून मांस घरी न नासता कसं आणायचं? माझ्याकडे ४५० बुशमास्टर आहे (ओहायोत बाटलीच्या आकाराचं काडतूस हरणाला चालत नाही म्हणून घेतलेली), एक तंबू आहे आणि जुनी होंडा पायलट आहे.

---

चहाबाज

बाजारात बायसन मिळतं हो. तेही सोललेलं, कापलेलं. :)

---

मैलभर_उंच

डेन्व्हरहून लिहितोय. स्वप्न मोडायचं नाही, पण आकडे ऐकून घ्या. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला कोलोरॅडोत एल्कचं लायसन्स आता आठशे डॉलरच्या वर गेलंय. सोडतीत (ड्रॉमध्ये) नाव टाकायचं तर त्याच्या आधी एक क्वालिफायिंग लायसन्स घ्यावं लागतं, त्याचे पैसे निराळे. धनुष्यबाणाच्या शिकारीचा ओटीसी टॅग, म्हणजे ड्रॉशिवाय थेट विकत मिळणारा एका प्राण्याचा परवाना, तो बाहेरच्यांसाठी आय-२५ हायवेच्या पश्चिमेला २०२५ पासून बंद झाला. रायफलच्या दुसऱ्या-तिसऱ्या सीझनला काही युनिटांत (शिकारीच्या विभागांत) थेट टॅग मिळत आलाय, पण तिथे पार्किंगलाच जत्रा असते आणि दहा जणांत एखाद-दुसऱ्याला एल्क मिळतो.

आणि उंची! तुमचं कोलंबस आठशे फुटांच्या आसपास. एल्क नऊ-दहा हजार फुटांवर. पहिले दोन दिवस डोकं दुखण्यात जातात. समजा मिळालाच, तर मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांससुद्धा दोनशे पौंडांच्या घरात भरतं. ते पाठीवरून गाडीपर्यंत आणायचं म्हणजे चार-पाच खेपा. तुमचा म्हातारा मित्र किती म्हातारा आहे?

यायचंच असेल तर मादी एल्कच्या टॅगसाठी ड्रॉ भरा, एप्रिलच्या सुरुवातीला मुदत असते. रायफल सीझनला अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी लागते. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा दाखला लागतो, ओहायोचा चालतो.

---

सुकट_भाकरी

मैलभर_उंच यांचं बरोबर आहे. मी जरा तोडून बोलते, राग मानू नका सातारकर दादा. या पैशांत एल्क म्हणजे आठशे-नऊशे टॅगला आणि उरलेल्यात गॅस, जेवण नि नशीब. वायोमिंगला जा आणि अँटिलोपच्या (माळावरचा हरणासारखा प्राणी, त्यालाच प्रॉन्गहॉर्न म्हणतात) मादीचा टॅग घ्या.

मी ओमाहात राहते, मूळची सावंतवाडीची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करते. शेजारची दोन कुटुंबं आणि मी असे दरवर्षी ऑक्टोबरात वायोमिंगच्या पूर्वेकडच्या माळावर जातो. नवरा येत नाही. तो घरी बसून मसाला भाजतो, हा आमचा करार आहे.

इकडे टॅगची किंमत मांसावर ठरत नाही, शिंगांवर ठरते. वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला प्रॉन्गहॉर्नच्या नराचा टॅग सव्वातीनशे डॉलरच्या घरात पडतो. स्पेशल ड्रॉमध्ये भरलात तर २०२४ पासून बाराशे. त्याच माळावरच्या, त्याच कळपातल्या मादीचा टॅग ३४ डॉलर. अर्जाचे पंधरा आणि काँझर्वेशन स्टँपचे साडेएकवीस धरले तरी सत्तरच्या आसपास. भिंतीवर डोकं टांगायचं असेल तर पुढचं वाचू नका. फ्रीझर भरायचा असेल तर वाचा.

मादीच्या टॅगला प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे ड्रॉमध्ये पुढचा नंबर मिळवून देणारे गुण, नसतात, त्यामुळे वर्षानुवर्षं पॉइंट जमवत बसायचं नाही. जूनच्या सुरुवातीला अर्जाची मुदत, जूनमध्येच निकाल, आणि उरलेले टॅग जुलैत जो आधी येईल त्याला.

आता यातली मेख सांगते, कारण यूट्यूबवाले नेमकी तीच गाळतात. २०२२-२३ चा हिवाळा वायोमिंगमध्ये भयंकर गेला. बर्फ कडक झाला, खालचं खायला मिळेना, आणि राज्याच्या दक्षिण-पश्चिमेकडचे कळपच्या कळप गेले. त्यानंतर टॅग दाबून कमी केले. पूर्वी मादीचे टॅग खिरापतीसारखे वाटायचे, आता तसं नाही. जे आहेत ते बरेचसे पूर्वेकडे. आणि जुलैत जे उरतात, ते का उरतात? तर त्या एरियात बहुतेक सगळी जमीन रँचवाल्यांची असते. ३४ डॉलरचा टॅग हातात आणि पाय ठेवायला जागा नाही, असे लोक मी गॅस स्टेशनवर नकाशा पसरून बसलेले पाहिलेत.

म्हणून आधी जमीन बघायची, टॅग मग. टॅगच्या यादीत टाइप ६ म्हणजे मादी किंवा पाडस. टाइप ७ म्हणजे तेच, पण एरियाच्या ठरावीक भागापुरतं. शेजारी अटींचा रकाना असतो तो शब्दन् शब्द वाचा. ‘फक्त खासगी जमिनीवर’ असं तिथे बारीक अक्षरांत असतं. जिथे सरकारी जमिनीवर पोहोचणं अवघड आहे, त्या एरियांना राज्याचं वन्यजीव खातंच खूण करून ठेवतं. मग गेल्या वर्षीच्या ड्रॉचा निकाल बघा, किती अर्ज आणि किती टॅग. हे सगळं खात्याच्या वेबसाइटवर फुकट आहे. त्यासाठी कोणाला सल्ल्याचे पैसे देऊ नका.

जागा कुठल्या? डग्लसच्या उत्तरेला थंडर बेसिन नॅशनल ग्रासलँड आहे, फॉरेस्ट सर्व्हिसची. बीएलएमची (फेडरल सरकारच्या जमीन खात्याची) जमीन सगळीकडे तुकड्यातुकड्यांनी आहे. त्याशिवाय राज्याच्या ‘ॲक्सेस येस’ योजनेत रँचवाल्यांना पैसे देऊन खात्याने जमिनी शिकारीसाठी उघडून घेतल्यात. त्यात दोन प्रकार आहेत. वॉक-इन एरियात नुसतं चालत जायचं. हंटर मॅनेजमेंट एरियासाठी वेबसाइटवरून परवानगीची चिठ्ठी काढायची, तीही फुकट, पण काही ठिकाणी संख्या मर्यादित असते. ही चिठ्ठी काढायला ऑगस्ट-सप्टेंबरात डोळा ठेवा. काही रँचवाले मादीसाठी थोडे पैसे घेऊन आत सोडतात. गावातल्या चारा-खताच्या दुकानात विचारलं की कळतं, फोनवर कोणी सांगत नाही.

हद्दीचं मात्र अगदी काटेकोर. वायोमिंगमध्ये खासगी जमिनीवर पाटी असलीच पाहिजे असं नाही, माहीत ठेवणं तुमचं काम. कुंपण आहे म्हणजे हद्द आहे, असंही नाही. ऑनएक्ससारखं ॲप घ्या, एका राज्यापुरतं वर्षाला पस्तीसेक डॉलरला मिळतं, आणि नकाशे घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. माळावर सिग्नल नसतो. सरकारी चौकोन एकमेकांना नुसते कोपऱ्याला टेकलेले असतात, तिथे कोपऱ्यावरून ओलांडायचं की नाही यावर वायोमिंगमध्येच मोठा खटला झाला. २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी पहिल्याच खेपेला त्या भानगडीत पडू नका, रस्त्याला लागून असलेली सरकारी जमीन भरपूर आहे.

बंदूक. ४५० बुशमास्टर ओहायोच्या झाडीत ठीक. इथे अडीचशे यार्डांवर प्राणी उभा आणि मध्ये गवताच्या काडीशिवाय काही नाही. त्या काडतुसाची गोळी तेवढ्यात फार खाली येते. जुनी, वापरलेली २४३ किंवा २७० बोअरची साधी बोल्ट रायफल बघा. सेव्हेज, रूगर अमेरिकन असली काहीतरी, दुर्बिणीसकट चारशेच्या आत मिळेल. ते पैसे या ट्रिपच्या खात्यात धरू नका, ती आयुष्यभर राहते. तुमच्या म्हाताऱ्या मित्राच्या कपाटात एखादी पडलेली असेल, आधी ते विचारा. रस्त्याने जाताना रायफल रिकामी, कुलूपबंद केसमध्ये, गाडीच्या अगदी मागे. गोळ्या वेगळ्या. इंडियाना-इलिनॉयमधून जाणार आहात, प्रत्येक राज्याचा नियम निराळा, पण असं ठेवलंत तर कुठे अडणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ जाईल तो रांगण्यात. प्रॉन्गहॉर्नची नजर भयानक, मैलावरून गाडीचं दार उघडलेलं दिसतं त्याला. टेकाडाच्या आडून, कोरड्या ओढ्यातून, शेवटचे शे-दोनशे यार्ड पोटावर. त्या माळावर जमिनीसरशी वाढणारं निवडुंग आहे, गवतात दिसत नाही. बागकामाचे गुडघ्याचे पॅड आणि चामड्याचे हातमोजे घ्या. लोक महागडे कॅमोफ्लाज कपडे घेतात नि तळहातातले काटे चिमट्याने काढत बसतात. नारिंगी किंवा गुलाबी मात्र वायोमिंगमध्येही अंगावर हवंच, निदान टोपी.

आता तुमची मुख्य काळजी, मांस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे पहाटे पाणी गोठतं आणि दुपारी सत्तर फॅरनहाइट होतं. ‘अँटिलोपला वास येतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी प्राणी तसाच कातड्यासकट गाडीच्या टपावर टाकून गावभर फिरवलेला असतो. गोळी लागल्यापासून तासाभरात मांस गार व्हायला लागलं पाहिजे.

मी पोट फाडत नाही. मादी एका कुशीवर, खाली स्वच्छ ताडपत्री. कण्यावरून एक चीर द्यायची आणि वरच्या कुशीचं कातडं खाली पोटाकडे सोलत न्यायचं. प्रॉन्गहॉर्नचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात, नुसता हात लागला की झुबके निघतात, आणि ओल्या मांसाला चिकटले की एकेक वेचावा लागतो. म्हणून सुरीची धार नेहमी कातड्याच्या आतून बाहेर. बाहेरून आत चालवलीत की केस कापले जातात आणि पुढचा तास गेला. मग खांदा काढायचा, त्याला हाडाचा सांधाच नाही, सुरी फिरवली की हातात येतो. मग रान (मागची तंगडी), मग पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस. कूस बदलून परत तेच. आतले दोन नाजूक तुकडे शेवटी, शेवटच्या बरगडीमागून हात घालून. एका रानाला कास तशीच लागलेली राहू द्या. मादीचा टॅग आहे, तेव्हा मादीच मारली याचा पुरावा वॉर्डन (शिकार तपासणारा अधिकारी) मागतो. टॅग जागेवरच भरून सही करायचा. खाण्यालायक मांस माळावर टाकून येणं तिथे गुन्हा आहे.

एका मादीचं हाडं काढून तीस-पस्तीस पौंड होतं. पातळ कापडी पिशव्यांत भरून आधी सावलीत, वाऱ्यावर. वारा तिथे फुकट आणि भरपूर. वर सुकी पापडी धरली की कूलरमध्ये. बर्फ विकत घेऊ नका, घरून दोन लिटरच्या बाटल्या गोठवून न्या. वितळल्या तरी पाणी बाटलीतच, मांस भिजत नाही, आणि प्यायलाही होतं. परतीच्या वाटेवर रोज कूलर उघडून बघा, बाटल्या मऊ झाल्या असतील तर तेवढ्यापुरता ड्राय आइस. खिडकी थोडी उघडी ठेवा त्याच्यासोबत, बंद गाडीत त्याचा वायू गुदमरवतो. तेराशे मैलांना घाबरू नका. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

शिवाय सीडब्ल्यूडी नावाचा हरणांच्या मेंदूचा रोग आहे, त्यामुळे हरीण, एल्क यांचं डोकं आणि कणा राज्याबाहेर न्यायला जवळजवळ सगळीकडे बंदी आहे, तुमच्या ओहायोतही. प्रॉन्गहॉर्नला तो रोग होत नाही. आणि आपण हाडं तिथेच काढली की प्रश्नच उरत नाही.

पैशांचं गणित. जाऊन-येऊन सत्ताविसशे मैल, माळावरचं फिरणं धरून तीन हजार. तुमची पायलट गॅलनला वीस-बावीस देत असेल, तर गॅस साडेचारशेच्या आसपास, भागिले तीन. ग्रासलँडवर तंबू फुकट, एका जागी चौदा दिवसांपर्यंत. जाता-येता एकेक रात्र स्वस्त मोटेल, तीही तिघांत. माणशी दोन माद्यांचे टॅग मिळाले तरी सगळं मिळून साडेचारशे-पाचशेच्या वर जायचं कारण नाही. जेवण घरून न्या. आम्ही कुकर नेतो. त्या उंचीवर उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, कुकरमध्ये निमूट शिजते. शेजारीण पहिल्या वर्षी शिटीला दचकली होती, आता तीच मोजते.

वाचलेल्या पैशांतून एक चांगला स्पेअर टायर घ्या. डोनट नव्हे, पूर्ण मापाचा. आणि पाऊस पडला तर त्या मातीच्या रस्त्यांवर गाडी घालू नका. बेंटोनाइटची चिकणमाती आहे, चाकाला थर चढत चढत गाडी बसते, मग चार चाकं फिरणारी असो की आठ. दीड दिवस वारा लागला की रस्ता परत दगड होतो. तोवर तंबूत पत्ते.

---

रात्रीचा_वाचक

ताई, फार छान माहिती. माझा एक प्रश्न, मी एच-१बी वर आहे. बंदूक हातात घेता येते का? ऑफिसातले म्हणतात अजिबात नाही.

---

सुकट_भाकरी

ऑफिसातले अर्धं सांगतात. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला बंदी आहे. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर चालतं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, हे लक्षात ठेवा. राज्याचे नियम वर वेगळे. ग्रीनकार्डचं काम चालू असेल तर आधी वकिलाला विचारा, उगाच फाइलीत काहीतरी लागायचं. धनुष्यबाणाला ही बंदी लागू नाही.

---

ह्यूस्टनची_झळ

वायोमिंग लांब पडत असेल आणि ऑक्टोबरात सुट्टी नाही मिळाली, तर जानेवारी-फेब्रुवारीत टेक्ससला रानडुकरांसाठी या. इथे डुकरांचा उच्छाद आहे, सीझन नाही, मर्यादा नाही. बाहेरच्या माणसाला पाच दिवसांचं स्पेशल लायसन्स ४८ डॉलरला मिळतं, ते डुकरांना चालतं. सार्वजनिक जमिनींसाठी वर्षाचा पब्लिक हंटिंग परमिट, तोही ४८. सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्टला तो लागतो. कुठल्या जागेवर कधी काय चालतं, त्याची पुस्तिका परमिटसोबत असते, ती वाचा.

एकच काळजी, सोलताना रबरी हातमोजे घालाच. रानडुकरातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. आणि मांस पूर्ण शिजवा, गुलाबी ठेवायची फॅशन इथे नको. मोठ्या नराच्या नादी लागू नका, त्याला उग्र वास मारतो. पन्नास-साठ पौंडांचं पिल्लू मिळालं तर कोल्हापुरी रस्सा करून बघा, पोर्क चॉप विसराल.

---

निळाई

पुण्याहून वाचतेय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा कुठे जंगलं थोडी वाचली. तिकडे आपलीच माणसं सुट्टी काढून, कूलर भरून प्राणी मारायला जातात आणि वर रेसिपीपण देतात, हे वाचून कसंतरी झालं. स्पष्ट बोलल्याबद्दल माफी.

---

सुकट_भाकरी

माफी कशाला, मोकळेपणी बोललात ते बरंच. भारतात शिकार बंद आहे ती योग्यच आहे, मी तिथे असते तर बंदूक हातात धरली नसती. इकडची व्यवस्था निराळी आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि गोळ्यांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, त्यात आमच्या टॅगचे पैसे मिळतात. किती माद्यांचे टॅग द्यायचे हे खातं कळप मोजून ठरवतं, आणि कळप घटला की २०२३ सारखे टॅग कापतं. तुम्हाला तरी आवडणार नाही, आणि आवडलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. चिकन मी दुकानातूनही आणते. त्या कोंबडीबद्दल मला जास्त वाईट वाटतं.

रेसिपी मात्र अजून दिली नव्हती, आता देते. अँटिलोपला चरबी नाही. पाठीची पट्टी बोटभर जाड कापून हळद, मीठ, आलं-लसूण लावायची आणि तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट. त्याहून जास्त ठेवलीत की रबर. रानाचे तुकडे मात्र उलट, मालवणी मसाला आणि भाजल्या खोबऱ्याचं वाटण घालून मंद आचेवर दोन तास, वाटणाचंच तेल त्याला पुरतं.

---

कोलंबसचा_सातारकर

ताई, मैलभर_उंच, सगळ्यांचे आभार. कालच म्हाताऱ्याला विचारलं. त्याच्या कपाटात वडिलांची २७० रेमिंग्टन आहे, पुतण्याकडे २४३ आहे. दोन रायफलींत तिघं आलटून पालटून भागवू. एल्कचं नाव काढल्यावर म्हातारा म्हणाला, “माझे गुडघे तुला दिसत नाहीत का?” तर एल्क रद्द.

रात्री बसून यादी चाळली. थंडर बेसिनला लागून असलेल्या दोन एरिया सापडल्या, दोन्हींत टाइप ६ आहे. एकीत टॅग जास्त, पण सरकारी जमीन विखुरलेली. दुसरीत टॅग कमी, पण सरकारी जमिनीचा (नकाशावरचा हिरवा) पट्टा सलग. पहिली पसंती कुठली टाकू? आणि तिघांचा अर्ज एकत्र भरायचा की वेगवेगळा?

---

सुकट_भाकरी

सलग पट्टा पहिला, विखुरलेला दुसरा. पायी फिरणाऱ्याला सलग जमीन हवी, आणि म्हाताऱ्या माणसाला रस्त्याजवळची हवी. सलग पट्ट्यात दोन्ही मिळतं. तिघांचा अर्ज ग्रुप म्हणूनच भरा. लागला तर तिघांना लागतो, नाही तर कोणालाच नाही. एकट्याला टॅग आणि दोघं स्वयंपाकी, अशी ट्रिप करू नका.

हंटर एज्युकेशनचा दाखला वायोमिंगला १ जानेवारी १९६६ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लागतो. म्हाताऱ्याला बहुधा नाही, तुम्हा दोघांना लागेल. नंबर आत्ताच शोधून ठेवा, अर्जाच्या रात्री पाकिटं धुंडाळत बसाल.

ड्रॉ नाही लागला तर जुलैत उरलेल्यांच्या यादीवर नजर ठेवा, पण अटींचा रकाना वाचल्याशिवाय पैसे भरू नका. आणि जूनपासून दर रविवारी रेंजवर जा. टेबलावरून नको, जमिनीवर पालथं पडून आणि गुडघ्यावर बसून दोनशे यार्ड. पाच गोळ्या जेवणाच्या ताटलीत बसल्या की पुरे, त्याच्या पलीकडे मारूच नका. निकाल लागला की इथे लिहा, एरियाचा नंबर सांगितलात तर तंबू कुठे ठोकायचा ते मी सांगते.